दोरीच्या अलीकडे

सोमवार, १० मार्च

दहाचा फोन पळस्पे फाट्यावर घ्यावा लागला. शोभाला तिच्या बहिणीकडे सोडून परत येत होतो. स्कूटर रसवंतीच्या मागे लावली, एका कानात बोट, दुसऱ्याला फोन. गोव्याकडे वळणारे ट्रक नुसते जीव खात होते. तिकडे दक्षिण सुदानात सकाळचे साडेसहा. तिथल्या टीमची प्रमुख अकोल, तिने रोजची ओळ म्हटली: डॉक्टर हजर, गाडी हजर, टाकी भरलेली, दवाखान्याचा रस्ता मोकळा. मी म्हटलं, "गो." मग ती मागे वळून ओरडली, "उस्ताद सेज गो!" आणि तिच्या टीमने दोरी ओलांडली. दोरीच्या पलीकडे सुरुंग.

रसवाला बघत होता. "काका, कोणाला कुठं पाठवलंत?" सांगितलं. ग्लासात बर्फ टाकता टाकता थांबला. "इथून?"

हो, इथून. हृदयाचं बायपास झाल्यापासून आमची सुभेदारी अशीच चालते. कधी भाजीबाजारातून, कधी बँकेच्या रांगेतून.

बुधवार, १२ मार्च

हेलनशी परत तीच वादावादी. हेलन म्हणजे आमच्या सुरुंग काढणाऱ्या संस्थेच्या नैरोबी ऑफिसातली साहेबीण. म्हणते, तुमचा तो रोजचा 'गो' कशाला? ॲपवर टिक करा, काम संपलं. बाकी कुठल्याच टीमला असला प्रकार नाही.

नसेल. मेसेज कोणीही टाइप करतं. आवाज माझाच हवा. उस्ताद बोलला तरच आत जायचं, नाहीतर बाहेर बसून पत्ते खेळायचे, हे मी अकोलला तिकडे असताना पहिल्या आठवड्यात शिकवलं. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, तेच नाव तिने उचललं. तिथे हिंदीचा एक शब्द कुणाला येत नाही, पण 'उस्ताद' सगळ्यांना येतो.

राजस्थानच्या सीमेवर आम्ही सुरुंग उचलत होतो तेव्हा तुकडीतल्या जाधवच्या मांडीतून रक्त जात होतं आणि आमची गाडी जेवण आणायला गेली होती. परत आली तेव्हा डाळ अजून गरम होती. हेलनला हे सांगितलेलं नाही. टिक करा म्हणते.

अकोलचं काम झकास चाललंय. मालेक गाव आणि गावचा हातपंप यांच्यामधली पट्टी. गावाकडून निम्मी साफ, तिथे पांढऱ्या काठ्या. पुढे अजून लाल. पाऊस लागायच्या आत पंपापर्यंत पोचलं पाहिजे. बायका सध्या नदीकडून मोठा वळसा घालून पाणी आणतात. अकोलची आईसुद्धा. पोरगी त्याच गावची आहे.

गुरुवार, १३ मार्च. होळी

दुपारी मेल. सर्व काम तत्काळ थांबवा. मोठ्या देणगीदार देशाने हात आखडता घेतलाय. बंद म्हणत नाहीत, 'पुनर्विचार' म्हणतात. किती दिवस, ते हेलनलाही माहीत नाही. फोनवर ती रडत होती बहुतेक, किंवा सर्दी असेल. माझा करार आजपासून स्थगित.

खाली सोसायटीत होळी रचतायत. शोभाने पुरणपोळी केली. खाल्ली, चव कळली नाही.

शुक्रवार, १४ मार्च

दहाला फोन वाजला. मला वाटलं आज नाही वाजणार.

अकोल दोरीपाशी उभी. सगळी टीम युनिफॉर्ममध्ये मागे. म्हणाली, "डॉक्टर नाही. गाडी नाही." दोन्ही कालच गेले. गाडी भाड्याची होती, आणि डॉक्टर म्हणजे खरं तर कंपाउंडर, तो मालवाहू विमानात बसून राजधानीला. उरलेली ओळ म्हणायची गरजच नव्हती, तरी म्हणाली. मग थांबली.

मी म्हटलं, "नो गो."

हा शब्द आधीही वापरलाय. टायर पंक्चर असेल, ढग असेल, तेव्हा. पण तेव्हा त्याच्यामागे उद्या असायचा. आज बोललो आणि फोन हातात धरून बसलो. खाली पोरं रंग खेळत होती, माझ्या स्कूटरला हिरवं केलं. ओरडायला गेलो नाही.

मंगळवार, १८ मार्च

पांडू आला होता. माझा धाकटा भाऊ, शिरढोणला असतो. जमिनी विकून बिल्डर झाला आणि मग माझ्याकडे दयेने बघायला लागला. त्याच्या बिल्डिंगच्या साइटवर सिक्युरिटीचा मुख्य हो म्हणतो.

"दादा, तिकरं तुजा कोन हाय? कोन नाय ना? मंग? आमच्या साइटवर ये. खुर्चीवर बस, पोरांना शिव्या दे, दुसरा काय काम नाय."

शोभा म्हणाली, शिव्या द्यायला ते फुकटसुद्धा येतील. पांडू हसला. मीही हसलो. पण तो गेल्यावर तिने विचारलं, "विचार करताय ना?" करतोय. घर चालायला हवं, हे मला कळतं. पण अजून रोज दहाला मोबाइल हातात असतो आणि साडेदहापर्यंत माझ्याशी कोणी बोललेलं चालत नाही, हे तिलाही कळतं.

गुरुवार, २० मार्च

हे डोक्यातच नव्हतं आलं. कुणाच्याच नव्हतं.

अकोलचा फोन, ठरलेल्या वेळेआधीच. मालेकच्या बायका सरळ पट्टीतून पंपावर जायला लागल्यात. का? तर टीम गेली. टीम गेली म्हणजे जमीन साफ झाली. आजवर त्या मुलखात असंच झालंय. सुरुंगवाले येतात, महिनोन्‌महिने गुडघ्यावर बसून जमीन कुरवाळतात, आणि निघून गेले की समजायचं आता पेरा. काम अर्धं टाकून कोणी जाईल हे त्या लोकांच्या कल्पनेतच नाही. काठ्या अजून लाल आहेत असं अकोल सांगते. बायका म्हणतात, रंगवायच्या राहिल्या असतील.

गावच्या मुखियाला तिने समजावलं. तो म्हणाला, तुझी साहेब मंडळी शहाणी आहेत, धोका असता तर गेली असती का?

मेलचा मराठी तर्जुमा मलाच जमत नाही, तिच्या भाषेत कसा जमेल. दूर देशातल्या कुणाच्या टेबलावर एक कागद फिरला, म्हणून.

टीममधली बाकीची आपापल्या गावी पांगली. अकोल आणि तिथलेच तिघे उरलेत. सामानाच्या कंटेनरची किल्ली तिच्याकडे, संस्थेचा ट्रक येईपर्यंत. ती दिवसभर पायवाटेच्या तोंडाशी उभी राहून बायकांना परत पाठवते. ती जेवायला गेली की बायका जातात. तिची आई पहिली.

शनिवार, २२ मार्च

रोज काही होत नाही. आणि रोज काही होत नाही म्हणून आणखी चार बायका वाढतात.

हे वाक्य सकाळपासून डोक्यात फिरतंय. शोभाला म्हणून दाखवलं. ती कुकरच्या शिट्या मोजायला विसरली.

सोमवार, २४ मार्च

इथे कामोठ्यातल्या एका समाजसेवी क्लबच्या मीटिंगला गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या काळेंनी वशिला लावला. मागणी एकच: तिकडे एक गाडी आणि एक कंपाउंडर, पाऊस लागेपर्यंत. तेवढं असलं तर हेलनला म्हणता येईल की नियम पाळून काम करतोय, परवानगी दे.

अध्यक्ष दाताचे डॉक्टर. छान ऐकून घेतलं. "सुभेदारसाहेब, कल्पना ग्रेट आहे. पण प्रोजेक्ट लोकल हवा हो. आणि फॉरेनला पैसे पाठवायचे म्हटलं तर आमचा सीए झोपेतून उठून बसेल." दुसरे एक म्हणाले, आपल्याकडे रस्त्यात खड्डे काय कमी आहेत? सगळे हसले. खड्डा आणि सुरुंग यातला फरक सांगावासा वाटला, पण चहा आला.

निघताना म्हणाले, पुढच्या महिन्यात या विषयावर भाषण द्या, शाल-श्रीफळ देऊ. मोठ्या देशाने हात काढून घेतला, कामोठ्याने शाल देऊ केली. घरी येऊन शोभाला सांगितलं. म्हणाली, नारळ तरी आणायचात.

गुरुवार, २७ मार्च

सकाळी हार्टच्या डॉक्टरांकडे. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, विमान? त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठे जायचंय?" सांगितलं. त्यांनी शोभाकडे बघितलं. शोभाने खिडकीकडे. विषय संपला.

दुपारी हेलन. तिच्या कानावर काहीतरी गेलंय. शब्द मोजून बोलत होती. स्थगितीच्या काळात तुम्ही कुणाला 'गो' म्हटलंत तर विमा लागू नाही, जबाबदारी तुमची, व्यक्तिशः. आणि कोणी जखमी झालं तर देणगीदार आपल्याला कायमचे काढतील. मग त्या अख्ख्या जिल्ह्यात पुन्हा कुणी सुरुंग काढायला येणार नाही. मालेकसाठी बाकी वीस गावं घालवणार का?

तिचं चुकत नाही. हीच तर पंचाईत आहे, कुणाचंच चुकत नाही. मुखियाचंसुद्धा.

मी विचारलं, बायकांचं काय? ती म्हणाली, फलक लावायला सांगते. तिथे वाचतं कोण?

रविवार, ३० मार्च. पाडवा

गुढी उभारली. शोभाने श्रीखंड घरी केलं, चक्का बांधलेला मला दोन दिवस नळावर लटकलेला दिसत होता.

अकोलने फोटो पाठवला, आपला सण आहे म्हणून. मागच्या वर्षी तिकडे असताना मी दोरीच्या काठीलाच गुढी केली होती, ते लक्षात ठेवलंय पोरीने. फोटोत ती आणि ते तिघे, हसतायत. मागे पट्टी. सहज म्हणून मोठा करून बघितला.

पांढऱ्या काठ्या पुढे गेल्यात. बऱ्याच पुढे.

जेवण तसंच ठेवून फोन लावला. आधी म्हणाली उन्हाने तसं दिसतं. मग म्हणाली, "उस्ताद, मी तुमचा जुना आवाज लावला."

फेब्रुवारीत एकदा तिकडचं नेटवर्क गेलं होतं. तेव्हा मी बोलून पाठवलेला 'गो' तिच्या फोनमध्ये होता. रोज सकाळी ती तो दोरीपाशी लावते. ते तिघे ऐकतात. मग आत जातात. आठवडा झाला. तिने फसवलं नाही त्यांना, त्यांना ठाऊक आहे आवाज जुना आहे ते. पण तो ऐकल्याशिवाय पाय उचलत नाही म्हणे.

मी खूप ओरडलो. इतका की काळेंनी दार वाजवलं.

सोमवार, ३१ मार्च

झोप नाही. बी.पी. वर. शोभाने गोळी दिली, मीठ बंद.

तो 'गो' मी दिला त्या दिवशी गाडी उभी होती, टाकी भरलेली होती, डॉक्टर सावलीत पेपर वाचत होता. त्या दिवसाचा आवाज होता तो. तो उचलून या दिवसांवर लावला. माझा आवाज माझ्याशिवाय आठ दिवस सुरुंगांत फिरून आला आणि मी इथे पाडव्याच्या झेंडूचा भाव करत होतो.

राग कशाचा आलाय नक्की? विचारलं नाही याचा. शोभा म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"मग?"

"मग तिला ठाऊक होतं. म्हणून नाही विचारलं. आई आहे तिची तिथे."

दहाला अकोलचा फोन. आवाज बारीक. जुना आवाज पुसून टाकलाय म्हणाली. आता तुम्ही म्हणाल तेव्हाच. तोपर्यंत आम्ही कोणी आत जाणार नाही, उस्ताद, शपथ.

हे असं झालं म्हणजे बरं वाटायला हवं होतं. ती चोरून करत होती तोवर भार तिचा होता, आता सगळा माझ्या घशात आणून ठेवला. नाही म्हणणं म्हणजेही काहीतरी म्हणणंच आहे. मी गप्प बसलो तरी बायका पाणी आणणारच.

बुधवार, २ एप्रिल

पांडूचा फोन. "दादा, सोमवारपासून ये. तुला शर्ट पन शिवून ठेवलाय." हो म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक. कुणाला तरी हो म्हणायचं होतं.

गुरुवार, ३ एप्रिल

अकोलचीच शक्कल. गुरांचा एक व्यापारी आहे, त्याला कळप पंपावर न्यायला पट्टी हवीय. तो आपली पिकअप देतो म्हणतो, दिवसभर दोरीपाशी उभी, ड्रायव्हरसकट. बदल्यात पहिलं पाणी त्याच्या गुरांना. म्हणजे त्या बड्या देशाला, हेलनला, मला आणि कामोठ्याच्या दंतवैद्याला जे जमलं नाही ते बैलांनी केलं.

डॉक्टरचं काय? गावची सुईण आहे, रिबेका. रक्त बघून घाबरत नाही एवढंच शिक्षण. मी म्हटलं, उद्या दुपारी तिला व्हिडिओवर आण.

शुक्रवार, ४ एप्रिल

हॉलमध्ये सतरंजी. शोभा आडवी, जखमी म्हणून. मोबाइल खुर्चीवर टेकवलेला. तिकडे झाडाखाली रिबेका, चांगली दणकट बाई, आणि तिच्यासमोर अकोल पाय पसरून.

रक्त थांबवायचा पट्टा कसा बांधायचा ते शिकवलं. पट्टा नव्हता, शोभाची ओढणी आणि लाटणं. गुडघ्याच्या वर, ओढणीला गाठ, गाठीत लाटणं, आणि पिळायचं. शोभा: "अहो, दुखतंय!" मी: "दुखलंच पाहिजे, नाहीतर रक्त थांबत नाही." तिकडे रिबेकाने अकोलला असं पिळलं की ती किंचाळली. दोन्हीकडे हशा. रिबेका बोट दाखवून काहीतरी विचारत होती. अकोलने सांगितलं, ती विचारते, ही तुमची बायको का? किती मुलं? शोभाने झोपल्या झोपल्या एक बोट वर केलं. रिबेकाने सात. शोभाने कपाळाला हात लावला, आणि हे मात्र दुभाष्याशिवाय समजलं. मग एकमेकींची नावं म्हणून बघितली. तिला 'शोभा' जमेना, 'शोबा' म्हणते.

वीसेक वेळा करून घेतलं. शेवटी डोळे मिटून बांधायला लावलं. बांधलं तिने. नीट.

संध्याकाळी शोभाच्या मांडीवर लाल वळ. मी तेल लावत होतो. म्हणाली, "तुम्ही हो म्हणालात आणि कुणाचा पाय गेला, तर तुम्हाला झोप लागेल?"

"नाही."

"आणि नाही म्हणालात आणि तिच्या आईचा गेला, तर?"

तेल लावत राहिलो. ती म्हणाली, "मला वाटलंच."

शनिवार, ५ एप्रिल

हेलनला सरळ फोन. गाडी आहे, बाई शिकवलीय, पट्टी थोडी उरलीय, परवानगी दे. तिने केबिनचं दार लावल्याचं ऐकू आलं. मग: "सुभेदार, मी हा फोन उचललाच नाही." पुढच्या आठवड्यात पुनर्विचाराचा निकाल आहे. तोवर थांबा. कळवळून म्हणाली.

अकोल म्हणते काल पट्टीतून आठ-दहा बायका गेल्या. तिची आई आता दोन कॅन नेते.

रविवार, ६ एप्रिल

पांडूला कळवलं, उद्या येत नाही. "शर्टाचा काय करू?" तू घाल म्हटलं.

दिवसभर काही केलं नाही. गॅलरीत बसलो. समोरच्या ट्यूशन क्लासची मुलं पाढे म्हणत होती. भीती वाटते. फौजेत इतकी वाटली नव्हती. तिथे पुढे मी असायचो.

सोमवार, ७ एप्रिल

सव्वाबारा. जसं झालं तसं लिहितो.

दहाला फोन. शोभा शेजारी. अकोलने ओळ म्हटली, सावकाश. डॉक्टर: रिबेका हजर, पट्टा हजर. गाडी: हजर, ड्रायव्हर आत बसलेला, चावी लावलेली. टाकी भरलेली. दवाखान्याचा रस्ता मोकळा. चौघं. मग थांबली.

मी उलट प्रश्न विचारले. पिकअपची हवा बघितली? बघितली. पाणी प्यायलात? प्यायलो. तुझी आई कुठेय? घरी, बहीण धरून बसलीय. आणखी विचारायचं काही सापडेना.

म्हटलं, "गो."

माझ्याच तोंडाने. आजचा. "उस्ताद सेज गो!" ऐकू आलं, मग पावलं, मग फोन बंद. शोभाने माझा हात घट्ट धरला होता, सोडवून पाणी प्यायलो.

पावणेबाराला हेलनचा मेल. पुनर्विचार लवकर झाला. पैसे परत सुरू. गाडी, डॉक्टर, बारा जणांचा पगार, सगळं. मालेक आणि ती बाकीची गावं, सगळ्यांसाठी. एकच अट. प्रत्येक जबाबदार माणसाने आज नैरोबीच्या ऑफिसवेळेत लिहून द्यायचं की १३ मार्चपासून या क्षणापर्यंत कोणीही दोरी ओलांडलेली नाही. एकाचं जरी उत्तर आलं नाही तर जिल्हा यादीतून बाहेर. खाली हेलनने स्वतः लिहिलंय: "तुमचंच राहिलंय. प्लीज."

या क्षणापर्यंत.

त्यांना बाहेर बोलवावं म्हटलं, तर फोन आत न्यायचा नाही. तो दोरीच्या अलीकडे ठेवायचा, हा माझाच नियम. तरी लावला. रिबेकाने उचलला. "शोबा!" खूश झाली. तिला कसं सांगू? माझी एकही भाषा तिला येत नाही. आणि समजा समजलं, आणि ती तिथून मोठ्याने ओरडली तर? माणूस गुडघ्यावर असतो, हात जमिनीत असतो. त्याला मागून हाक मारायची नाही. हेही मीच शिकवलंय.

शोभाने फोन माझ्याकडून घेतला. "रिबेका, थांब हं. ठेवू नको," असं मराठीतच म्हणाली. त्या बाईने काय समजायचं ते समजून फोन चालू ठेवलाय. स्पीकरवर टाकलाय, जेवणाच्या टेबलावर. ताटं वाढलेली नाहीत.

तिकडचा वारा ऐकू येतो. कुणीतरी खोकलं, बहुतेक ड्रायव्हर. डिटेक्टरची बारीक शीळ येते, थांबते, परत येते. थांबली की शोभा माझ्याकडे बघते. मी तिला सांगतो, थांबली म्हणजे काहीतरी सापडलंय, आता हाताने माती काढतायत, वेळ लागतो.

बराच वेळ झाला, अजून थांबलेलीच आहे. लॅपटॉपवर हेलनला उत्तर उघडून ठेवलंय, वर तिचं नाव लिहिलंय, पुढे काही नाही.